स्मरणचित्रात हात कुठे उपयोगी पडतो?

एका पालकांनी विचारलं आहे की त्यांची मुलगी नववीत असून यंदा इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेला बसते आहे. स्थिरचित्र ती छान काढते. समोर किटली ठेवली तर किटली, भाजी ठेवली तर भाजी, अगदी हुबेहूब. स्मरणचित्राला बसली की मात्र सायकलची चाकं कशाला जोडली आहेत तेच कळत नाही, माणसांचे हात बिनसांध्याचे होतात, डोक्यावरचा हंडा अधांतरी तरंगतो. ‘नीट बघत जा’ असं सगळे सांगतात आणि ती बघतेही. वस्तू हाताळल्या तर त्या डोळ्यांपुढे जास्त नीट उभ्या राहतात असं या पालकांनी वाचलं. ते खरं आहे का, आणि खरं असेल तर उरलेल्या दोन महिन्यांत तिच्याकडून काय करून घ्यावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी कलाशिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मुलं वर्षानुवर्षं बसवते आहे आणि स्मरणचित्र हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण एका अटीवर. वस्तूला नुसता हात लागला म्हणून ती आठवत नाही. डोळ्यांकडून निसटलेलं काहीतरी हाताने शोधून काढलं, तरच ते चित्रात उतरतं.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. ‘मुलीची स्मरणशक्ती कमी आहे’ असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. समोर बघून काढताना डोळा रेषेकडून कागदाकडे आणि कागदाकडून रेषेकडे जात राहतो. किटलीची तोटी पोटाला कुठे आणि कशी जोडली आहे हे समजलं नाही तरी दिसलेली बाह्यरेषा उतरवता येते. म्हणजे चांगलं स्थिरचित्र काढणाऱ्या मुलीच्या डोक्यात वस्तूची एक बाजू असते, एका जागेवरून दिसलेली. स्मरणचित्रात तीच किटली चहावाल्याच्या हातात, तिरकी, वेगळ्या कोनातून काढायची वेळ येते. ते दृश्य तिने साठवलेलंच नसतं, मग आठवणार कुठून? तिला वस्तूची रचना हवी आहे, आणि रचना समजून घेण्यात हात फार उपयोगी पडतो, कारण तो वस्तूच्या सगळ्या बाजूंनी फिरतो.

स्पर्शातून मिळालेली माहिती दृष्टीच्या कामी येते, याला भक्कम आधार आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांचे डोळे बांधले आणि त्यांच्या हातात रोजच्या वापरातल्या १६८ वस्तू एकामागून एक दिल्या, प्रत्येकी दहा सेकंद. नंतर जवळजवळ सारख्या दोन वस्तू देऊन ‘यातली आधीची कोणती’ असं विचारलं, तर ९४ टक्के उत्तरं बरोबर आली. दुसऱ्या प्रयोगात लोकांना आपली परीक्षा होणार आहे याची कल्पनाच नव्हती, आणि आठवड्यानंतर वस्तू हातात न देता नुसत्या दाखवल्या. पूर्वी कधीच न पाहिलेल्या, फक्त चाचपलेल्या वस्तू. तरीही सुमारे ७३ टक्के उत्तरं बरोबर होती. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आली असती. हाताने गोळा केलेलं डोळ्याला ओळखता आलं.

मेंदूतही याची खूण सापडते. जेरुसलेमच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, जो भाग वस्तूंचे आकार डोळ्याने ओळखण्याचं काम करतो, त्याचाच काही भाग वस्तू हाताने ओळखतानाही जागा होतो. नुसता पोत चाचपला तर तो तितका जागा होत नाही, आकार चाचपला की होतो. माझ्या कामाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. खडबडीत, गुळगुळीत, मऊ असं अनुभवून चित्र सुधारत नाही. आकार हातात घ्यावा लागतो.

आता अट. हाताळण्याने आपोआप आठवत असतं तर नाणं सगळ्यांना आठवलं असतं. अमेरिकेत १९७९ मध्ये निकरसन आणि ॲडम्स या दोघांनी लोकांना रोज हातात येणारं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. नाण्यावरच्या आठ गोष्टींपैकी साधारण तीनच योग्य जागी आल्या. सायकलचंही तसंच. लिव्हरपूलच्या रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये लोकांकडून सायकलची रेखाटनं करून घेतली, तर कित्येकांनी चेन पुढच्या चाकालाही जोडली. ते चित्र खरं असतं तर हँडल वळलंच नसतं. नेहमी सायकल चालवणाऱ्यांच्या चुका कमी होत्या, पण होत्याच. तुमची मुलगीही रोज सायकलवरून शाळेत जात असेल. तिचे हात हँडलवर आणि पाय पायडलवर असतात, चेनची वाट तिच्या हाताने कधी धरलेली नसते.

म्हणून मी मुलांना सायकल पुसायला लावते. फडकं हातात घ्यायचं, डोळे मिटायचे आणि सीटखालच्या नळीपासून सुरुवात करायची. नळी खाली कुठे जाते? जिथे पायडलचा दांडा फिरतो तिथे. तिथून मागे कोणती नळी जाते, ती मागच्या चाकाच्या कुठल्या जागी पोचते? चेन कुठून निघते आणि कुठे परत येते? पुढचा चिमटा हँडलसोबत वळतो, चौकट वळत नाही, हे मनगटाला कळू द्यायचं. दहा मिनिटं लागतात. एवढं एकदा केलेल्या मुलाने पुढच्या चाकाला चेन लावलेली मी पाहिलेली नाही.

हाताच्या हालचालींचा याच अंगाने अभ्यास झालेला आहे. सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लात्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं की आपला हात काय जाणून घ्यायचं त्याप्रमाणे वेगळा वागतो. पोत बघायचा तर बोटं पुढे-मागे घासतात, कठीणपणा बघायचा तर दाबतात, वजन बघायचं तर वस्तू उचलून तळहातावर तोलतात. एकूण आकारासाठी हात वस्तूला कवेत घेतो आणि नेमक्या आकारासाठी बोट कडेकडेने फिरतं. चित्रासाठी शेवटच्या दोन हालचाली सगळ्यात कामाच्या आहेत, त्यातही कडेने फिरणारं बोट. ते सावकाश जातं, जिथे वळण बदलतं तिथे अडखळतं, आणि नेमक्या त्याच जागा चित्रात चुकतात. मुलांना वस्तू ‘हाताळा’ एवढंच सांगितलं तर ती घासतात, दाबतात आणि ठेवून देतात. ‘हे दोन भाग जुळतात ती जागा शोध’ असं सांगितलं की बोट कडेला लागतं.

अडकित्ता ही माझी आवडती वस्तू. आजच्या मुलांनी तो बहुधा हातात घेतलेला नसतो, त्यामुळे आठवून काढताना सगळी त्याची कात्री करतात. कात्रीत खीळ मधोमध असते. अडकित्त्याची खीळ एका टोकाला असते, पातं तिच्या लगेच पुढे असतं आणि लांब दांडे दुसऱ्या बाजूला. डोळे मिटून दोनदा उघड-मीट केली की ताकद कुठे लागते ते कळतं, आणि मग खीळ आपोआप बरोबर जागी येते.

आता डोळे मिटायचे कशासाठी, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. बघत-बघत हात लावला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की दोन्ही एकत्र चालू असले की बहुतेक वेळा डोळा हाताला दाबून टाकतो. १९६४ मधला रॉक आणि व्हिक्टर यांचा एक जुना प्रयोग आहे. आकार अरुंद करून दाखवणाऱ्या भिंगातून लोकांना चौरस दाखवला आणि त्याच वेळी पातळ कापडाखालून तो हाताने धरायला दिला. हातात चौरस असूनही लोकांनी आयत सांगितला, आयतच काढला, आणि हातालाही आयतच लागतो आहे असं त्यांना वाटलं. दिसणं अंधुक किंवा अनिश्चित झालं की मात्र मेंदू हाताचं जास्त ऐकतो, हेही पुढच्या संशोधनात दिसून आलं. त्यामुळे हाताला बोलायला वाव द्यायचा तर काही वेळ डोळा बाजूला ठेवावा लागतो.

नुसत्या डोळे मिटून चाचपण्यानेही काम संपत नाही. हाताचं आणि डोळ्याचं नातं आपण सवयीने जुळवतो. आयर्लंडच्या विल्यम मॉलिनो यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला होता. जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने ओळखतो. त्याला दृष्टी आली तर हात न लावता तो ते ओळखेल का? याचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या देशातून आलं. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची लगेच चाचणी घेतली गेली. २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेला ठोकळा त्यांना डोळ्याने जवळजवळ ओळखताच आला नाही. पण ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, ती मुलं थोड्याच दिवसांत, कोणी मुद्दाम शिकवलं नसताना, खूप सुधारली होती. तुमच्या मुलीचे डोळे आणि हात कधीचेच एकमेकांना ओळखतात. ती ओळख चित्रापुरती अधिक पक्की करायची तर हाताकडून डोळ्याकडे आणि डोळ्याकडून हाताकडे अशा खेपा घालाव्या लागतात.

माझ्या वर्गात ते असं चालतं. कापडी पिशवीत एक वस्तू. तांब्या, कुलूप, शंख, आल्याचा तुकडा, जुनी कोल्हापुरी चप्पल, काहीही. पिशवीत दोन्ही हात घालून दोनेक मिनिटं फिरवायचे. मग वस्तू पिशवीतच ठेवून पहिलं रेखाटन. ते बेढब येतं आणि येऊ द्यायचं. मग वस्तू बाहेर काढून बघायची, पण या वेळी पेन्सिल खाली ठेवून. हाताला जे वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं काय दिसतं आहे, तेवढंच शोधायचं. वस्तू पुन्हा पिशवीत, दुसरं रेखाटन. तिसरं रेखाटन त्याच वस्तूच्या मागच्या बाजूचं. हे तिसरं मी कधीच सोडत नाही. वस्तू हातात धरली की बोटं तिच्या पलीकडे असतात, म्हणजे डोळा पुढची बाजू बघत असताना हात मागची वाचत असतो. २००१ मध्ये न्यूवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठोकळ्यांच्या आकारांवर हेच तपासलं. वस्तू फिरवून मागची बाजू पुढे आणली तेव्हा हाताचं आणि डोळ्याचं उत्तम जुळलं. समोर बघून काढण्यात पटाईत असलेल्या मुलांना या तिसऱ्या रेखाटनाचा सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण तीच बाजू त्यांच्याकडे नसते.

माणसांच्या हातांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण स्मरणचित्रातली निम्मी पंचाईत तिथे होते. मुलीला तिचाच एक हात दुसऱ्या हाताने वाचायला सांगा. मधलं बोट तळव्याच्या बाजूने मोजलं तर ते बेचक्यापाशी सुरू होतं. तेच मागच्या बाजूने मोजलं तर बोट बरंच आधी, मुठीच्या उंचवट्यापासून सुरू होतं. म्हणजे हाताच्या पाठीकडून बोटं लांब दिसतात आणि तळव्याकडून आखूड. बहुतेक मुलं दोन्हीकडून सारखीच काढतात आणि हात कुठे चुकला ते त्यांना सापडत नाही. पुढे, मुठीचे चार उंचवटे सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. बोट त्यावरून फिरवलं की ती कमान कळते, आणि मग करंगळी बाकीच्या बोटांच्या रांगेत उभी राहत नाही. अंगठ्याचं तर सगळंच वेगळं. हात टेबलावर पालथा टेकवला तर चार नखं वर बघतात, अंगठ्याचं नख बाजूला बघतं. हे एकदा स्पर्शाने तपासलं की वस्तू धरलेला हात काढताना अंगठा कुठून वळून येतो हे तिला विचारावं लागत नाही. शाडूची माती मिळाली तर एक मूठ करून घ्या. ती सुंदर व्हायची गरज नाही. मातीत अंगठा लावताना तो कुठून निघतो हे ठरवावंच लागतं, कागदावर ते टाळता येतं.

डोक्यावरचा हंडा तरंगतो, त्याचं कारण वजन. हा नेमका स्पर्श म्हणता येणार नाही, स्नायूंना आणि सांध्यांना जे कळतं ते. पण स्मरणचित्रासाठी मी त्याला हाताइतकंच मानते. पाण्याची अर्धी बादली उजव्या हातात उचलायला सांगा, डोळे मिटून. कोणता खांदा खाली गेला? कंबर कुठे झुकली? डावा हात काय करतो आहे? तो अंगापासून दूर, बाहेर जातो. वजन कोणत्या पायावर आलं? हे तिच्या अंगाने एकदा नोंदवलं की पाणी नेणारी बाई काढताना खांद्याची रेषा ती आडवी काढणार नाही. डोक्यावर वजन घेतलेल्या माणसाची मान आणि पाठ सरळ राहते, पावलं जवळ पडतात. डोक्यावर एक जाड पुस्तक ठेवून खोलीत चार फेऱ्या मारल्या तरी एवढं समजतं.

आता स्पर्श कुठे फसवतो तेही सांगायला हवं, कारण याच्या नादी लागून चित्र बिघडलेली मुलंही मी पाहते. तांब्याचं तोंड हाताला गोल लागतं, आणि ते गोलच असतं. डोळ्याला मात्र बाजूने बघताना ते लंबगोल दिसतं. पिशवीतला तांब्या काढणारं मूल वर पूर्ण गोल काढतं आणि खाली बूड सपाट रेषेचं. टेबलाचे चारही पाय हाताला सारखे, डोळ्याला मागचे आखूड. वस्तू खरोखर कशी आहे ते हात सांगतो, ती इथून कशी दिसते ते फक्त डोळ्याला माहीत असतं, आणि चित्रात दोन्ही लागतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. रचना हाताकडून घ्यायची, यथार्थदर्शनाचा शेवटचा शब्द डोळ्याचा. प्रमाणाचंही तसंच. हात वस्तू तुकड्यातुकड्याने वाचतो, त्यामुळे जिथे बोट जास्त वेळ रेंगाळलं तो भाग चित्रात मोठा होतो. दुसऱ्या वेळी बघून तो लहान करावा लागतो. आणि रंग, छायाप्रकाश, दूरचं झाड, बाजारातली गर्दी यात हाताचं काही काम नाही. त्यासाठी बाजारात जाऊन उभंच राहायला हवं.

किती फरक पडेल हे मुलीमुलीवर अवलंबून आहे. जी आधीच वस्तू फिरवून बघते, उघडून बघते, तिला थोडाच फायदा होतो. फक्त दुरून बघून काढणाऱ्या मुलीला खूप. तिला एक साधा प्रश्न विचारा: डोळे मिटून घरातली किटली आठवली तर ती ‘दिसते’ का? काहींना स्पष्ट दिसते, काहींना अंधुक, आणि काही थोड्या माणसांना मनात चित्र असं दिसतच नाही. त्यात काही वाईट नाही. अशा माणसांनाही कुठली गोष्ट कुठे आहे याचं भान चांगलं असू शकतं, आणि अशा मुलांसोबत मी हाताच्या आणि अंगाच्या सरावावर जास्त भर देते, कारण ‘आठवून बघ’ म्हणण्यात त्यांच्यासाठी अर्थ नसतो. काही मुलांना ओलं, चिकट, खरखरीत अजिबात सहन होत नाही. त्यांना माती द्यायचा आग्रह नको, लाकडी किंवा पितळी वस्तू चालतात.

दोन महिन्यांसाठी मी असं सुचवेन. रोज एकच वस्तू, पंधरा-वीस मिनिटं, तीन रेखाटनांची ती फेरी. वस्तू निवडताना ती परीक्षेच्या विषयांत लागेल अशी बघा. बाजार, पाणवठा, सण, दुकान, कारागीर असे विषय स्मरणचित्राला नेहमीचे आहेत. म्हणजे टोपली, हंडा, तराजू, छत्री, सायकल, हातोडी, चूल. आठवड्यातून दोनदा हात आणि पाऊल. रविवारी एक पूर्ण चित्र, घड्याळ लावून, त्याच आठवड्यातल्या वस्तू वापरून. आठवड्याभरापूर्वीची वस्तू न चाचपता पुन्हा एकदा काढून बघायला सांगा. काय टिकलं आणि काय गळलं ते तिला स्वतःलाच दिसेल, आणि गळलेल्या जागेवरच पुन्हा बोट फिरवायचं. शेवटचे दहा दिवस नवीन वस्तू घेऊ नका, फक्त पूर्ण चित्रं.

याच परीक्षेत अक्षरलेखनही आहे, आणि तिथेही हे लागू पडतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी मोठ्या माणसांना अनोळखी अक्षरं शिकवली, बंगाली आणि गुजराती अक्षरांवरून बनवलेली. काही अक्षरं हाताने लिहून, काही कळफलकावर. हाताने लिहिलेल्या अक्षरांची बाजू, म्हणजे ते सुलट आहे की आरशातलं, लोकांना जास्त चांगली आणि जास्त दिवस लक्षात राहिली. आपल्याकडे धुळीत अक्षरं गिरवायची पद्धत होती. अक्षराचं वळण बसत नसेल तर तिला तांदळाच्या ताटात बोटाने मोठं अक्षर काढू द्या, दिसायला बालिश असलं तरी.

परीक्षेच्या हॉलमध्ये वस्तू नसते, पिशवीही नसते, पण हात असतो. एखादा आकार अडला तर पेन्सिल ठेवून, डोळे मिटून, बाकाखाली तो आकार हवेत धरायला सांगा. हंड्याचा गळा असा तळव्यांच्या मध्ये, सायकलचं हँडल असं मुठीत. सराव झालेल्या मुलांची बोटं योग्य अंतरावर थांबतात. मग डोळे उघडून आधी फिकट रेषेत सांगाडा मांडायचा, आणि तांब्याचं तोंड लंबगोल झालं आहे ना हे बघून मगच रेषा पक्की करायची.